खंड पडलेला विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि उच्च शिक्षणाचे दार

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, महाडचा संगर, संविधानाची निर्मिती, नागपूरची धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे महापरिनिर्वाण, हा क्रम पाचवीतले मूलही न अडखळता सांगते. म्हणून या स्मरणिकेत तोच क्रम पुन्हा मांडण्याचा आमचा हेतू नाही. ज्याचे शिक्षण मध्येच तुटले आणि ज्याने ते पुन्हा जोडले असा एक विद्यार्थी, आणि पुढे अशाच लक्षावधी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचे दार उघडे राहावे म्हणून झटलेला एक लोकनेता, एवढ्याच बाजूने आम्ही त्या महान जीवनाकडे पाहणार आहोत.

तसे करण्यास कारणही आहे. दर वर्षी निकाल लागले की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरून पालक गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे येतात. कोणाचा मुलगा दोन वर्षे उंबरगाव-वापीकडच्या कारखान्यात कामाला गेलेला असतो, कोणाची मुलगी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर राहिलेली असते. प्रश्न एकच असतो: मध्ये वर्षे गेली, आता प्रवेश मिळेल का? २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांनंतर तर हा प्रश्न घरोघरचा झाला. त्याचे उत्तर शोधताना आम्ही पुन्हा पुन्हा बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे वळलो.

२८२ गुण

सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी काय सोसले, हे सर्वश्रुत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना भीमरावांना संस्कृत घेऊ दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतील एका खोलीत, घरातील माणसे झोपल्यावर, दिव्याच्या उजेडात अभ्यास करून ते १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेस बसले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले.

हा आकडा आम्ही वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. टक्केवारी काढली तर ती अडतीसच्या आत येते. तेव्हाची परीक्षा आणि आताची परीक्षा यांची तुलना सरळ करता येत नाही, हे मान्य. तरीही आजच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीत या विद्यार्थ्याचे नाव आले नसते, हेही तितकेच खरे. त्या वेळी मात्र समाजाने त्या गुणांचा सत्कार केला. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले, आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण सुरू राहिले. बी. ए. होऊन ते बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार निवर्तले.

गुण मोजणाऱ्यांना येथे ३८ टक्क्यांचा विद्यार्थी दिसला असता. केळुस्कर गुरुजींना आणि महाराजांना, ते गुण कोणत्या परिस्थितीत मिळवले, हे दिसले. आमच्या मते न्याय्य प्रवेशाचा पहिला धडा हाच आहे. किती अंतर कापले, हे पाहताना कोठून निघाला, हेही पाहावे लागते.

चार वर्षांची मुदत

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. करार तीन वर्षांचा होता आणि परतल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षे सेवा करावयाची होती. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवरील आपला प्रबंध तेथील चर्चासत्रात वाचला. प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, अशा दोन ठिकाणी त्यांनी एकाच वेळी प्रवेश घेतला.

युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. सोबतचे सामान ज्या बोटीने पाठवले होते ती बोट पाणतीराने बुडाली आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. मात्र निघण्यापूर्वी एक गोष्ट त्यांनी पदरात पाडून घेतली होती. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने लंडन विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली होती.

चरित्रग्रंथांत ही मुभा एखाद्या वाक्यात येते आणि वाचक पुढे जातो. आम्ही मात्र येथे थांबतो. विद्यापीठाने गुण वाढवून दिले नाहीत, परीक्षा सोपी केली नाही, पदवी अगोदर दिली नाही. त्याने फक्त एवढेच मान्य केले की या विद्यार्थ्याच्या अभ्यासात पडणारा खंड त्याच्या आळसाने पडलेला नाही. म्हणून त्याची जागा काही काळ त्याची राहील. त्या एका निर्णयावर पुढचा इतिहास उभा आहे.

ती चार वर्षे सुखाची नव्हती. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेलेल्या या विद्वानाला राहावयास घर मिळाले नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत. ते मुंबईस परतले, शिकवण्या केल्या, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करावा, हे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. पगारातील पै न् पै ते बाजूला टाकत राहिले. जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. घरी रमाईने संसाराचा भार कसा वाहिला, हे सांगताना आजही शब्द अपुरे पडतात.

दार उघडे राहिले होते, पण आतली वाट सोपी नव्हती. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री अपुरे जेवण आणि पहाटेपर्यंत वाचन. १९२१ साली एम. एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो फेरमांडणीसाठी परत केला. दरम्यान पैसे संपल्याने त्यांना भारतात यावे लागले. येथे बसून त्यांनी प्रबंध सुधारून पाठवला आणि १९२३ अखेर त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. ज्या विद्यापीठाने त्यांची जागा राखली, त्याच विद्यापीठाने त्यांच्याकडून पूर्ण दर्जाचे काम करून घेतले. जागा राखणे आणि दर्जा राखणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांची पदवी हेच उत्तर आहे.

आपल्याच विद्यापीठाविषयी

आज डहाणू-तलासरीतील महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाविषयी बाबासाहेबांनी १९२० च्या दशकात मांडलेले विचार आपल्या पालकांनी जाणून घेतले पाहिजेत. विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी असे मत दिले की केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ हे खरे विद्यापीठ नव्हे. अध्यापन आणि परीक्षा यांची फारकत होता कामा नये.

मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाल्यावर मार्च १९२७ मध्ये शिक्षणावरील चर्चेत त्यांनी एक हिशेब सभागृहापुढे ठेवला. दर २ लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी प्रगत हिंदूंत १,०००, मुसलमानांत ५२ आणि मध्यम वर्गात १४ होते. मागासवर्गीयांत ते शून्य, किंवा फार तर एक, असे प्रमाण पडत होते. त्याच वर्षी विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या कारभारात प्रतिनिधित्व मागितले. ज्यांच्याकडे बुद्धी आहे परंतु पैशाअभावी वा अन्य अडचणींमुळे जे पोहोचू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत उच्च शिक्षणाच्या सोयी नेणे हे विद्यापीठाचे काम आहे, अशी त्यांची भूमिका होती. इतर भौतिक लाभांवर एक वेळ पाणी सोडता येईल, पण सर्वोच्च शिक्षणाच्या हक्कावर नाही, हे त्यांनी सभागृहाला बजावले.

या ठिकाणी आपल्या भागाशी असलेला एक दुवा सांगितला पाहिजे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० मध्ये आलेल्या तिच्या अहवालात दोन्ही समाजांच्या शिक्षणासाठी वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर भर होता. तेव्हाचा ठाणे जिल्हा, म्हणजे आपली डहाणूची पट्टी, मुंबई इलाख्यातच होती. वारल्याच्या आणि महाराच्या मुलाचा प्रश्न एकाच अहवालात शेजारी शेजारी बसला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. शिवाय बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले होते ते १९२५ च्या प्रारंभीच. ज्याच्या घरात अभ्यासाला जागा नाही त्याला आधी निवारा दिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या या निवासी शाळेचे मूळ शोधू जाल तर ते तेथे सापडेल.

धामधुमीच्या काळातील महाविद्यालये

दुसऱ्या महायुद्धात आणि बेचाळीसच्या चळवळीत देशातील महाविद्यालयीन शिक्षण विस्कटले. या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि उच्च शिक्षणासाठी निधीची मागणी लावून धरली. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे कॉलेज या शिष्यवृत्तीवर झाले, हे त्यांनी स्वतःच आठवून पाहावे.

१९४५ हे वर्ष आपल्या तालुक्यांच्या इतिहासात ठळक आहे. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली बांधव एकत्र आले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, ८ जुलै रोजी, मुंबईत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. एकीकडे अंगावरची वेठ झुगारली जात होती, दुसरीकडे डोक्यावरची. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. युद्ध नुकतेच संपलेले. सुरुवातीचे वर्ग लष्कराने सोडलेल्या बराकींत भरले. सकाळच्या वेळी वर्ग ठेवल्याने नोकरी करणाऱ्या तरुणांना कामावर जाण्यापूर्वी शिकता येऊ लागले. ज्यांचे शिक्षण पोटापाण्यासाठी सुटले होते त्यांना वेळापत्रकानेच परत बोलावले. प्रवेश सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना होता.

मराठवाड्यात तर धामधूम अधिक होती. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाले तेव्हा रझाकारांच्या अत्याचारांनी गावे हादरलेली होती आणि शाळा-कॉलेजांची घडी विस्कटली होती. शांतता पुरती नांदण्याची वाट न पाहता बाबासाहेबांनी जून १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. शिक्षणात खंड पडला असेल तर दार त्या विद्यार्थ्याच्या गावाजवळ न्यावे, हा त्यामागचा विचार होता.

पंधरा-चार

संविधान लागू झाले आणि लगेच प्रवेशाचा प्रश्न न्यायालयात गेला. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या दर १४ जागा अशा वाटल्या जात: अब्राह्मण हिंदू ६, मागास हिंदू २, ब्राह्मण २, हरिजन २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती १, मुसलमान १. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी हा आदेश घटनाबाह्य ठरवला. त्या निकालानंतर शिक्षणातील कोणत्याही विशेष तरतुदीचा पायाच डळमळीत झाला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्यांनी संसदेत या निकालावर असमाधान व्यक्त केले आणि घटनादुरुस्तीचे समर्थन केले. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली व अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम आले. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, अनुसूचित जाती व जमाती यांच्या उन्नतीसाठी राज्याला विशेष तरतूद करता येईल, असे ते सांगते. आज आपली मुलगी परिचर्या महाविद्यालयात किंवा आपला मुलगा अभियांत्रिकीला राखीव जागेवर जातो, तो या कलमाच्या आधाराने. संविधान लिहून झाल्यावरही, ते तोकडे पडते असे दिसताच त्यांनी दुरुस्तीला मागेपुढे पाहिले नाही.

आमच्या वाट्याची परीक्षा

मार्च २०२० मध्ये वसतिगृहे बंद झाली आणि मुले पाड्यांवर परतली. ज्या घरात एकच साधा फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथे ऑनलाइन वर्ग म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. तलासरी तालुक्यात सुमारे ९० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. आवणीच्या दिवसांत मूल शेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि शाळेने केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला. बारावीचा निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरून लावला गेला. अकरावी प्रवेशासाठी योजलेली सामाईक परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द केली. त्यामुळे दहावीचे गुण हीच प्रवेशाची किल्ली ठरली. आणि ते गुण आम्हीच भरावयाचे होते.

त्या दिवसांत आम्ही शांत झोपलो नाही. हात सैल सोडून गुण द्यावेत तर ते असत्य. काटेकोर राहावे तर ज्या मुलाला शिकवलेच नाही त्याला न शिकल्याची शिक्षा. इतरत्र गुणांची उधळण होत असल्याचे कानावर येई. आम्हांला लंडनची ती चार वर्षांची मुदत आठवली. आम्ही ठरवले की गुण वाढवावयाचे नाहीत, संधी वाढवावयाची. ज्यांची तोंडी परीक्षा राहिली होती त्यांच्या पाड्यांवर आम्ही गेलो. एका मुलीची परीक्षा तिच्या घराच्या ओटीवर, धाकट्या भावाला मांडीवर घेतलेल्या अवस्थेत घेतली. तिने जे सांगितले त्याचे गुण दिले. जे सांगितले नाही ते आधी शिकवले आणि मग पुन्हा विचारले.

सर्वच प्रसंगी आम्हांला यश आले नाही. आमचा एक माजी विद्यार्थी बारावीनंतर दोन वर्षे कारखान्यात राबून पदवीच्या प्रवेशासाठी गेला. एका महाविद्यालयात त्याच्याकडे खंड प्रमाणपत्र मागितले, मग प्रतिज्ञापत्र, मग जातवैधतेची पावती. प्रत्येक कागदासाठी एक दिवसाची मजुरी बुडाली आणि शेवटी मुदत संपली. त्याला कोणी नाकारले नाही. फक्त दार लोटून घेतले. अनुच्छेद १५ ने दिलेली जागा कागदाच्या खिडकीत हरवली. पुढच्या वर्षी आम्ही त्याच्यासोबत गेलो तेव्हा प्रवेश झाला. परंतु ज्याच्यासोबत कोणी जात नाही त्याचे काय?

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. तुमच्यापैकी अनेक जण आज कचेऱ्यांत, शाळांत, महाविद्यालयांत आहात. प्रत्येकाने दर वर्षी खंड पडलेला एक विद्यार्थी शोधावा. त्याचे दाखले वेळेत काढून द्यावेत, अर्ज भरून द्यावा, पहिल्या दिवशी त्याच्यासोबत महाविद्यालयाच्या दारापर्यंत जावे. पालकांनीही मुलाचे वर्ष गेले म्हणून त्याचे शिक्षण संपले, असे मानू नये. भगवान बुद्धांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला संघात प्रवेश दिला, ही कथा आपण वंदनेनंतर मुलांना सांगतो. ज्याला आजवर मागे ठेवले गेले त्याला आधी आत घ्यावे, हा तिचा आशय आहे. पुढे तोच उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला.

१९१७ साली एक विद्यार्थी अर्धवट अभ्यास सोडून बोटीत बसला तेव्हा त्याच्या खिशात पदवी नव्हती. होती ती फक्त परत येण्याची परवानगी. आपल्या पाड्यांवरील मुलांच्या हाती निदान तेवढे तरी पडावे, याची जबाबदारी आता आपली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!